चालून दाखवणाऱ्या मिस

वरून धप्प. जरा थांबून परत धप्प.

चिलरच्या खोलीत मी कान टवकारून उभा. कॉम्प्रेसरचं बेअरिंग गेलं असणार, अशी माझी शंभर टक्के खात्री. दुबईच्या जूनमध्ये चिलर, म्हणजे अख्ख्या इमारतीचा एसी, बसला म्हणजे काय होतं हे सांगायला नको. मी या प्राणीबागेत मेंटेनन्सला लागून जेमतेम आठवडा झाला होता. रास अल खोरच्या गोदामांच्या पुढे, वाळवंट सुरू होतं तिथे ही खाजगी बाग. निम्मी उघड्यावर, निम्मी एसीत. एसीतल्या भागात ऑस्ट्रेलियाचे प्राणी. म्हटलं, आता नोकरी गेली. जिना चढून धापा टाकत वर गेलो.

वर बेअरिंग नव्हतं. पन्नाशी उलटलेली, चांगली भरभक्कम बाई शाळेच्या पोरांसमोर दोन्ही पाय जोडून उड्या मारत होती. हात छातीशी, कोपरं मुडपलेली, मान पुढे. पोरं खिदळत होती, ‘मिस, वन मोर टाइम!’ म्हणून ओरडत होती आणि बाई प्रत्येक वेळी अगदी पहिल्यांदाच मारतेय अशी उडी मारत होत्या. काचेपलीकडचा खराखुरा कांगारू कूस बदलून झोपला होता. त्याच्याकडे एक पोर बघेल तर शपथ!

या फिलोमिना तुस्कानो. वसईच्या. तिथल्या शाळेत आयुष्यभर पीटी शिकवली, मग नवऱ्यापाठोपाठ इकडे आल्या. नवरा विल्सन दुबई मरीनातल्या एका हॉटेलात हेड स्टुअर्ड. बागेत येणाऱ्या शाळांना प्राणी दाखवायचं काम यांच्याकडे. अरबापासून फिलिपिनोपर्यंत सगळे त्यांना नुसतं ‘मिस’ म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागलो.

पोरं गेल्यावर मी म्हटलं, ‘मॅडम, जरा हळू उड्या मारा. खाली माझा चिलर आहे.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. घाम पुसत म्हणाल्या, ‘मराठी का? बरं झालं. मला सांग, कांगारू चालतो कसा?’

‘उड्या मारत.’

‘तो पळतो उड्या मारत. मी विचारलं, चालतो कसा.’

आता हे मला कुठून माहीत असणार! मी सांगलीचा माणूस, डिप्लोमा रेफ्रिजरेशनचा. पण मिस सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मला काचेसमोर उभं केलं. कांगारू उठेपर्यंत तिथून हलू दिलं नाही. शेवटी तो उठला, चाऱ्याकडे निघाला आणि मी बघतच राहिलो. पुढचे दोन छोटे पाय त्याने जमिनीला टेकले, शेपूट पोटाखाली घेऊन घट्ट रोवली आणि मागचे दोन्ही पाय एकदम उचलून पुढे टाकले. पुन्हा हात, पुन्हा शेपूट, पुन्हा पाय. शेपूट नुसती टेकायला नव्हती, ती अंग पुढे ढकलत होती.

‘पाच पायांचा आहे तो,’ मिस म्हणाल्या. ‘मागचे पाय जमिनीवर एकेकटे टाकताच येत नाहीत त्याला. पाण्यात पडला की मात्र एक एक मारतो. का, सांग?’

‘का?’

‘मला काय माहीत! म्हणून तर विचारते.’

हा त्यांचा स्वभाव. उत्तर माहीत नसलं की चेहरा फुलायचा. ज्याचं उत्तर पाठ आहे ते सांगताना कंटाळायच्या. झालरवाला सरडा दोन पायांवर उठून पळतो तेव्हा पुढचे हात कुठे ठेवतो, या एका गोष्टीसाठी त्यांनी अख्खा डिसेंबर त्याच्या काचेसमोर डबा खाल्ला होता. शुगर ग्लायडर नावाचा मुठीएवढा प्राणी अंगाची कातडी ताणून या फांदीवरून त्या फांदीवर तरंगत जातो. तो वळतो कसा हे कळावं म्हणून त्यांनी विल्सनना शारजाच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावरून चादर धरून उडी मारायला लावली होती. विल्सन हे स्वतः सांगायचे. ‘उजवा हात खाली कर म्हणाली. केला. टीपॉयवर गेलो,’ एवढंच सांगायचे.

माणसांनाही सोडायच्या नाहीत. एकदा कॉरिडॉरमध्ये मागून हाक आली, ‘जाधव, टूलबॅग कुठल्या खांद्याला लावतोस?’

‘डाव्या.’

‘म्हणून उजवा पाय बाहेर फेकतोस. कंबर दुखते ना?’

दुखत होती. डॉक्टरला चारशे दिरहॅम, म्हणजे नऊ-दहा हजार रुपये मोजून झाले होते. मला रागच आला. म्हटलं, माझी कंबर हा काय तुमच्या अभ्यासाचा विषय आहे? घरी येऊन बायकोला तणतणत सांगितलं. मुलगी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, ‘बाबा, यू डू वॉक फनी.’ झालं! दुसऱ्या दिवसापासून बॅग उजवीकडे. कंबर महिन्याभरात गप्प झाली, आणि मिसना मी ते मुद्दाम सांगितलं नाही. त्यांना कळलंच होतं, कारण परत कधी त्यांनी विषय काढला नाही.

आमचा मॅनेजर लेबनानचा. शिस्तीचा, वाईट नाही, पण उड्या मारणारी बाई त्याच्या डोळ्यांत सलायची. त्याने मोठमोठे स्क्रीन मागवले. कांगारूचं चित्र चालणार, पोरांनी बोट लावायचं, प्राणी उडी मारणार. मिसनी नुसतं उभं राहून स्वागत करायचं. स्क्रीन सुरू करायला बागेचे मालक, म्हणजे आमचे अरबाब, स्वतः आले. पांढरा पायघोळ कंदुरा कडक इस्त्रीचा, अत्तराचा घमघमाट. चित्रातला कांगारू चालू लागला, आणि मागून मिसचा आवाज आला, ‘सर, दिस इज अ डॉग.’

सगळे गार. मॅनेजरचा चेहरा तर बघवत नव्हता.

खरंच होतं. चित्र काढणाऱ्याने कांगारूचे मागचे पाय एकाआड एक टाकले होते, कुत्र्यासारखे. अरबाबनी विचारलं, मग खरा कसा चालतो? मिसनी कोपऱ्यातला पोछा उचलला, दांडा शेपटीच्या जागी मागे रोवला आणि त्या चकचकीत फरशीवर अख्खा हॉल कांगारूच्या चालीने पार करून दाखवला. अरबाब हसले नाहीत. ते उठले, त्यांनी पोछा मागून घेतला. कंदुरा सावरत त्यांनी दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला बदकन खाली बसले. मग मात्र जे हसले, डोळ्यांतून पाणी! ‘यल्ला मिस, अगेन,’ म्हणत त्यांनी पुन्हा करून घेतलं, आणि जाताना स्क्रीनकडे हात करून मॅनेजरला म्हणाले, ‘खलास.’ मॅनेजर आठवडाभर माझ्याशीही बोलला नाही. मी काय केलं होतं?

पण मिसचा खरा जीव होता तात्यावर.

तात्या म्हणजे एकिड्ना. साळिंदरासारखे काटे, लांब नळीसारखं नाक, आकार मोठ्या पपईएवढा. मुंग्या खातो. नाव मिसनीच ठेवलं, कारण तो त्यांच्या सासऱ्यांसारखा चालायचा. जेवून शतपावलीला निघालेला म्हातारा जसा एकदा डावीकडे झुलतो, एकदा उजवीकडे, तसा. आणि त्याची खरी गंमत पायांत. पुढचे पाय पुढे, पण मागच्या पावलांचं तोंड मागे. नखं मागे वळलेली. वाळूत ठसे उमटले की अर्धे जाताना दिसतात, अर्धे येताना. घाबरला की पळत नाही, चारी पायांनी एकदम उकरत जागच्या जागी सरळ खाली जमिनीत उतरतो. बघता बघता गायब.

‘पुढे नाही, मागे नाही, हा खाली पळतो,’ मिस म्हणायच्या. ‘असं पळणारा दुसरा कोणी दाखव मला.’

पुढच्या वर्षी जुलैत विल्सनची नोकरी संपली. दोघांचं वसईला परतायचं ठरलं, तिकिटं आली. मिस कोणापाशी रडल्या नाहीत. फक्त तात्याच्या खोलीत जास्त वेळ बसायला लागल्या. ‘प्राणी सांभाळणाऱ्या किपरना सगळं समजावून सांगितलंय,’ मला म्हणाल्या, ‘तरी माझा जीव राहत नाही. याला घाम येत नाही, जाधव. धापही टाकता येत नाही. नाकातून फुगे काढून नाक ओलं ठेवतो, तेवढाच त्याचा एसी. तुझा चिलर बंद पडला तर हा मरेल.’ मी म्हटलं, ‘मिस, मी आहे ना.’

चिलर बंद पडला नाही. बाहेरच्या कंत्राटदाराची माणसं डक्ट साफ करायला आली, आणि जाताना मागच्या दारात बादली अडकवून तशीच ठेवून गेली. पहाटे किपरने पाहिलं तर तात्याच्या पिंजऱ्याची जाळी एका कोपऱ्यात उचकटलेली, दार सताड उघडं, तात्या नाही.

मी पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि बाहेर आत्ताच चष्म्यावर वाफ धरत होती. सूर्य वर आला की ती वाळू पाय ठेवण्याजोगी राहत नाही. बागेतल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, नऊ वाजेपर्यंत उन्हात राहिला तर विसरा. मॅनेजरने दाराजवळच्या वाळूतले ठसे पाहिले. खोल, लांब नखांचे ठसे आतल्या बाजूला तोंड करून होते. ‘हा बाहेर जाऊन परत आत आलाय,’ असं म्हणून त्याने सगळ्यांना आत कामाला लावलं. कपाटं ओढली, फॉल्स सीलिंग उघडलं. माझी चार माणसं डक्टमध्ये.

मिस टॅक्सीतून उतरल्या, सरळ दारापाशी आल्या, वाकल्या.

‘आत कोणी पाठवलं सगळ्यांना? ही मागची पावलं आहेत. यांचं तोंड आत म्हणजे तात्या बाहेर गेला!’ हे त्या ओरडल्याच. मी त्यांना ओरडताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

चपला तिथेच टाकून त्या ठशांमागे निघाल्या, मी त्यांच्यामागे. ठसे कुंपणाच्या तुटक्या भागातून पलीकडे गेले. तिथे बागेच्या नव्या इमारतीचं काम चाललं होतं. मजुरांची पोर्टा केबिनं, पाण्याची टाकी. उन्हाळ्यात साइट पहाटेच सुरू होते, त्यामुळे माणसं केव्हाची उठलेली. केबिनांपुढच्या वाळूत ठसे संपले. संपले म्हणजे, तिथली सगळी वाळू खराट्याने झाडून लख्ख केलेली.

‘इथे कोणी झाडलं?’ मिसनी विचारलं.

आठ-दहा माणसं केबिनांच्या कडेला चिकटून उभी, सगळी सिंधुदुर्गातली. त्यांचा मुकादम सावंत, मिशीवाला, एरवी मला हाका मारून चहा पाजणारा गडी, तो पण जमिनीकडे बघतोय. मी तापलो. ‘अरे सावंत, जनावर मरतंय तिकडे! तोंड उघड की!’

सावंतने मान हलवली. ‘साहेब, हो विषय सकाळी काढू नको.’

मी आणखी काहीतरी बोलणार, तोच मिस गुडघ्यांवर बसल्या. हाताचा पंजा वाळूत दाबला, बोटं पुढे. मग शेजारीच पंजा उलटा फिरवून दाबला, बोटं स्वतःकडे, आणि नखांनी लांब ओरखडे काढले. असे चार ठसे काढले आणि वर पाहिलं. ‘असं होतं?’

एकजण ‘आई गे’ म्हणत केबिनात शिरला. सावंतच्या तोंडचं पाणी पळालं.

‘उलटे पाय,’ तो पुटपुटला. ‘मिस, ता जनावर नाय. उलट्या पायांचा काय ता आमका ठावक आसा. आमी खूण पुसून टाकली.’

मला हसावं की रडावं कळेना. उलटी पावलं म्हणजे भूत, हे आमच्या सांगलीच्या पोरालाही माहीत असतं. कोकणातल्या माणसांनी पहाटेच्या अंधुक उजेडात ती आपल्या दारात बघितली, तर ती दुसरं काय करणार?

मिस हसल्या नाहीत. ‘सावंत, पावलं कुठवर गेली होती?’

‘पाठी. एसीचा पाणी गळता तय. आणि तय...’ त्याने बोट खाली केलं. ‘तय जमनीत गेला ता. पुढे पावलाच नाय.’

मिसनी एकदम माझा दंड धरला. सरळ खाली!

केबिनच्या मागे एसीच्या पाण्याचा पाइप वाळूत सोडलेला होता, तेवढाच ओलसर तुकडा. त्याच्या मधोमध नारळ ठेवलेला, वर हळदकुंकू, दोन उदबत्त्या विझत आलेल्या. तात्या नेमका त्याच्याखाली होता. आणि ऊन त्या नारळाच्या शेंडीपर्यंत येऊन पोचलं होतं.

मी हात घालणार, तर सगळी माणसं आडवी आली. सावंतने हात जोडले. ‘साहेब, पाया पडतंय. राखणदाराक गाऱ्हाणा घालून दिललो नारळ हा. तेका हात लावूचो नाय. आमका अजून हय ऱ्हवाचा आसा.’

माझं डोकं फिरलं. म्हटलं, मॅनेजरला बोलावतो, अरबाबना फोन लावतो, बघतोच कसे देत नाही ते. मिसनी मला बाजूला सारलं. या वेळी त्या ओरडल्या नाहीत.

‘सावंत, गाऱ्हाणं तुम्ही घातलंत ना? मग परत एक घाला. नारळ बाजूला घ्यायची परवानगी मागा. त्याला सांगा, खाली आहे ते माझं आहे. मी परवा घरी चाललेय. हा इथे असा मेला तर मला जाता येणार नाही.’ आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘लवकर घाला हो. त्याला ऊन सोसत नाही.’

सावंतने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, पंचा डोक्याला गुंडाळला आणि नारळासमोर उभा राहिला. बाकीचे त्याच्यामागे. मिस त्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, गळ्यात क्रूस, हात जोडलेले.

‘बा वाळूच्या राखणदारा म्हाराजा! आमी पोटासाठी परमुलखात इलेली माणसा...’

‘व्हय म्हाराजा!’

‘ह्या मिसचा जनावर तुझ्या पोटात गेला हा. पाय तेचे उलटे आसत, पण ता कोणाच्या वाटेक जाणारा नाय...’

‘व्हय म्हाराजा!’ यात मिसचा आवाज सगळ्यांत मोठा. पीटीच्या मैदानावर लागतो तसला.

‘तर हो नारळ जरा सरकवतव, राग मानू नको, आणि तेचा तेका परत दी!’

‘व्हय म्हाराजा!’

मीही म्हणालो. कधी म्हणालो ते कळलं नाही.

सावंतने स्वतः नारळ उचलून बाजूला ठेवला. कोणीतरी फावडं आणलं, मिसनी ते भिरकावून दिलं. ‘हाताने!’ आणि मग ती सगळी माणसं, मघाशी केबिनांना चिकटून उभी असलेली, वाळू उपसायला बसली. कोपरभर खाली काटे लागले. तात्या घट्ट रुतून बसला होता. ओढायचा नाही, ओढला की आणखी धरतो. मिसनी पालथं पडून खालून हात घातला, तळवे सोलून निघाले, आणि पपईएवढा गोळा वर आला. न हलणारा. सावंतच्या ओल्या पंच्यात तो गुंडाळून आम्ही आत धावलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास आहे. पण उष्णता डोक्यात गेली असेल तर उपयोग नाही. चालायला लागला तर वाचला म्हणायचं. त्यांनी त्याला थंड खोलीत त्याच्या नेहमीच्या बुटक्या फळीखाली ठेवलं आणि दिवा मंद केला. फळी इतकी खाली की बघायचं तर जमिनीला गाल टेकूनच बघावं लागतं. म्हणून मी आडवा झालो. शेजारी सावंत, पलीकडे त्याची माणसं, आणि थोड्या वेळाने सूट घातलेला मॅनेजरही आमच्यात येऊन पडला.

मिस तेवढ्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. ‘मला नाही बघवणार,’ म्हणाल्या. ‘तुम्ही सांगा.’ आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मला खोर फक्कानला एका कामावर पाठवलं. परतलो तोवर त्या वसईला गेल्या होत्या. निरोप राहून गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मला मिस आठवतात त्या तात्याच्या थंड खोलीतल्याच.

त्या दिवशी फळीखालचा गोळा कितीतरी वेळ गोळाच राहिला. मग काट्यांमधून नाकाचं टोक बाहेर आलं, त्यावर एक बारीक फुगा आला आणि फुटला. पुढचा एक पाय निघाला. मागचं नख लादीवर खरवडलं, घसरलं, परत खरवडलं. तात्या उठला. डावीकडे झुलला, आता पडतो असं वाटलं, मग उजवीकडे झुलला.

‘चल्लो!’ सावंत ओरडला. ‘मिस, चल्लो!’

मी तसाच पडल्या पडल्या मान वळवली. मला वरच्या मिस दिसल्या नाहीत, फक्त त्यांचे अनवाणी पाय दिसले. वाळूने माखलेले, टाचांना भेगा. पायांची दहाही बोटं वळून लादीला घट्ट धरून होती, नखं पांढरीफटक पडलेली. सावंत पुन्हा म्हणाला, ‘चल्लो’, तेव्हा ती एकेक करून सुटायला लागली.